अभयदान आणि शिकणारा हात

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त चांदूर बाजार येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘ट्रस्टची आरोग्यसेवा : पुढील वाटचाल’ या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. ज्येष्ठांची आज्ञा शिरसावंद्य मानून मी उभा आहे. परंतु त्या विशाल विषयाच्या एका लहानशा कोपऱ्यावरच मी आज दिवा धरणार आहे. आपल्या सभांमधून त्या कोपऱ्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. स्त्रियांच्या अंतर्गत तपासणीविषयी आणि ती तपासणी शिकविण्यासाठी घडविलेल्या कृत्रिम प्रतिकृतींविषयी मला बोलायचे आहे.

विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. साठी ओलांडलेल्या कापड दुकानदाराने, तोही वाणिज्य शाखेचा पदवीधर, या विषयाला हात का घालावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. मात्र आपले दान कोठे जावे आणि ते कोणाच्या उपयोगी पडावे, याचा विचार करण्याचा अधिकार प्रत्येक श्रावकाला आहे. त्या अधिकाराने मी बोलतो. माता-भगिनींची मर्यादा राखूनच बोलेन; तथापि ज्या संकोचापायी माणसे दगावतात, त्या संकोचाला मर्यादा म्हणण्यास माझे मन तयार नाही.

आपल्या ट्रस्टची आरोग्य शिबिरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. शिरजगाव कसबा, करजगाव, घाटलाडकी, ब्राह्मणवाडा थडी अशा गावांमधून माणसे येतात. डोळे तपासण्यासाठी रांग मांडवाबाहेर जाते. रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या टेबलाभोवती तर उभे राहायला जागा नसते. मात्र स्त्रीरोग तपासणीच्या खोलीपुढील खुर्च्या बहुधा रिकाम्याच राहतात. कापूस वेचून वेचून कंबर धरलेल्या, अंगावरून पांढरे जाण्याने खंगलेल्या बायका बाहेर मांडवात बसलेल्या असतात. पण त्या दारातून आत जात नाहीत. आम्ही कार्यकर्ते म्हणतो, बायकांमध्ये जागृती नाही. मीही अनेक वर्षे असेच म्हणत होतो. माझ्या घरात घडलेल्या एका गोष्टीने माझे हे मत बदलले.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या मोठ्या वहिनींना त्रास होऊ लागला, म्हणून माझे थोरले बंधू त्यांना एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. औषधे मिळाली, त्रास थांबला, सर्वांना समाधान वाटले. वहिनी मात्र त्याविषयी काहीच बोलल्या नाहीत. काही दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पांढरे लाँगक्लॉथ द्या. धुतल्यावर विरळ होणार नाही, असे जाड द्या.’’ मी अडीच मीटर फाडून दिले. कशासाठी, हे विचारले नाही. दुकानदाराने विचारू नये, दिराने तर नाहीच.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, पाळी कायमची थांबून गेल्यावर, त्यांना पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी तो लपविला. कळले तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आजूबाजूला पसरला होता. त्या गेल्यानंतर माझ्या पत्नीने मला जे सांगितले, ते असे. त्या पहिल्या खेपेस पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांनी एकामागून एक त्यांची आतून तपासणी केली होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. पडदा अर्धवट ओढलेला होता. त्यांपैकी एकाच्या हाताला आपण काय शोधतो आहोत, हेच कळत नव्हते आणि त्याने फार दुखविले. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. ‘‘पुन्हा त्या टेबलावर मी जाणार नाही, आणि गेलेच कधी, तर माझी चादर घेऊन जाईन,’’ असे त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या होत्या. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी ती चादर सापडली. चारी कडा हातशिलाईने दुमडलेल्या होत्या. ती एकदाही वापरली गेली नव्हती.

मित्रहो, मी त्या विद्यार्थ्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ते शिकत होते, आणि शिकल्याशिवाय कोणी डॉक्टर होत नाही. ज्या कोणी पुढे शेकडो स्त्रियांचे प्राण वाचविले असतील, त्यांच्याही हातांना कधीतरी पहिला दिवस आलाच असेल. माझा प्रश्न इतकाच आहे, की तो पहिल्या दिवसाचा, चाचपडणारा हात कोणावर पडावा?

आमच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. दुकानात नवा मुलगा कामाला लागला, की त्याच्या हाती कोणी भरजरी शालू देत नाही. आधी त्याला मांजरपाट फाडायला देतात. कात्री सरळ चालू लागली, गजाचा अंदाज हाताला आला, की मग सूती, मग रेशमी. चूक व्हायचीच असेल, तर ती मांजरपाटावर होऊ द्यावी, हा साधा व्यवहार आहे. माणसाच्या देहाच्या बाबतीत हाच व्यवहार आपल्या पूर्वजांनी ओळखला होता, हे वाचून मला आनंद झाला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचा विषयच मुळी सराव हा आहे. सरावाला तेथे ‘योग्या’ असा शब्द आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा. टाके घालण्याचा सराव जाड-बारीक वस्त्राच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर करावा. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव घडविलेल्या बाहुल्यावर करावा, अशी योजना सुश्रुताचार्यांनी सांगितली आहे. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने असा सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, हा त्या अध्यायाचा आशय आहे.

पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची एक कुशल सुईण होऊन गेली. खेड्यापाड्यांतील बायका केवळ ऐकून शिकत नाहीत, हाताने करून शिकतात, हे तिने ओळखले. तिने कापड, चामडे आणि कापूस यांची एक प्रतिकृती शिवली. कमरेपासून मांड्यांपर्यंतचा स्त्रीदेह, त्यात गर्भाशय, नाळेसह कापडाचे बाळ आणि प्रसूतीच्या वेळी भाग कसे ताणले जातात हे दाखविण्यासाठी दोऱ्या व पट्टे, अशी तिची रचना होती. १७५९ साली राजा पंधरावा लुई याने तिला देशभर शिकविण्याचे आज्ञापत्र दिले. त्यानंतर १७८३ पर्यंत ती गावोगाव फिरत राहिली आणि तिने हजारो स्त्रियांना सुईणपण शिकविले. तिच्या प्रतिकृतींपैकी एक आजही रूआँ शहरातील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. एका कापड व्यापाऱ्याला ही गोष्ट वाचून काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकता. आपण ज्या मालाचे ताके उलगडतो आणि गुंडाळतो, त्यातून एका स्त्रीने जीव वाचविण्याची शाळा उभी केली!

आता आजच्या प्रतिकृतींकडे वळतो. मध्यंतरी आरोग्य समितीचे आम्ही काही सदस्य एका प्रशिक्षण वर्गास भेट देण्यास गेलो होतो. तेथील डॉक्टर भगिनींनी आम्हांस अशी प्रतिकृती दाखविली. पोटापासून मांड्यांपर्यंतचा, प्रत्यक्षाच्या मापाचा तो भाग टेबलावर ठेवलेला होता. पूर्वी या वस्तू कडक रबराच्या असत. आता मऊ व्हिनाइल, लॅटेक्स आणि सिलिकॉन यांचा उपयोग होतो. त्यामुळे त्वचा, तिच्याखालची चरबी आणि आतील अवयव यांचा पोत वेगवेगळा लागतो. पोटावरचे आवरण काढता येते. आत बसविलेले गर्भाशय बदलता येते. पुढे झुकलेले, मागे कललेले, काही आठवड्यांच्या गर्भधारणेने वाढलेले, गाठ असलेले, असे त्याचे निरनिराळे नमुने असतात. गर्भाशयमुखाचेही तसेच. एक निरोगी, एक सुजलेले, एकावर मोड आलेला, एकावर कर्करोगाची सुरुवात दाखविणारा डाग. स्पेक्युलम नावाचे चोचीसारखे उपकरण कोणत्या कोनातून आणि किती सावकाश न्यावे, किती उघडावे, तांबी कशी बसवावी, तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा, हे सारे त्यावर पुन्हा पुन्हा करता येते. पन्नास वेळा चुकले तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

या तपासणीची खरी कठीण बाजू त्या भगिनींनी आम्हांस समजावून सांगितली. शरीरावरील बहुतेक खुणा शिकविताना गुरू बोट दाखवू शकतो. येथे मात्र हाताला जे कळते, ते डोळ्यांना दिसत नाही. एक हात बाहेरून पोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटे आत, या दोहोंमध्ये गर्भाशय कोठे आहे, केवढे आहे, मऊ की घट्ट, हे केवळ स्पर्शाने ताडायचे असते. विद्यार्थ्याने ‘कळले’ म्हटले, तर त्याला खरेच कळले की नाही, हे गुरूला पाहण्याची सोय नसते. आपल्याच तालुक्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज तान्हेपणी दृष्टी गमावूनही प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले गेले आणि १८८१ ते १९१५ इतक्या अल्प आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचून गेले. डोळ्यांवाचून जाणता येते, हे या मातीला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र तसे जाणण्याची शक्ती साधनेनेच येते. आणि ज्याच्या ठायी महाराजांची प्रज्ञा नाही, अशा सामान्य माणसाला सरावावाचून गत्यंतर नाही.

गुरूची ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. कार्ला प्यू यांनी प्रतिकृतीच्या आत दाब ओळखणारे संवेदक बसविले. बोट कोठे टेकले, किती जोराने टेकले आणि कोणत्या जागेला लागलेच नाही, हे संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले. यातून एक डोळे उघडणारी गोष्ट पुढे आली. स्तनांच्या तपासणीसाठी केलेल्या अशाच प्रतिकृतींवर व्यवसायात असलेल्या डॉक्टरांची पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ टक्के डॉक्टरांचा दाब इतका हलका होता, की छातीच्या भिंतीलगतची खोल गाठ त्यांच्या हातून निसटण्याचा धोका होता. म्हणजे फार दाबले तर दुखते आणि फार हलके दाबले तर रोग निसटतो. योग्य हात या दोहोंच्या मधला आहे, आणि तो अनुभवाच्या नावाखाली आपोआप येतोच असे नाही.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे झाले. आपल्या वऱ्हाडातल्या बाईशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच विदर्भात सिद्ध झालेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि साऱ्या जगाचे लक्ष ग्रामीण स्त्रीच्या या मूक दुखण्याकडे गेले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि ज्यांची पूर्वी कधी अंतर्गत तपासणी झाली होती, अशा होत्या अवघ्या ८ टक्के! मी हिशेबाचा माणूस आहे. ९२ आणि ८ हे दोन आकडे समोरासमोर ठेवले, की त्यांच्यामधील तूट काय सांगते, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

तेव्हापासून पुष्कळ पाणी पुलाखालून गेले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा तरी चाचणी झाली आहे, त्यांचे प्रमाण १.९ टक्के आहे. दुसरीकडे जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. आणि हा रोग तर असा, की कर्करोग होण्यापूर्वी वर्षानुवर्षे तो खुणा दाखवीत थांबलेला असतो! वेळीच पाहणारे डोळे आणि वेळीच पोहोचणारे हात असले, की तो रोखता येतो.

ते हात तज्ज्ञ डॉक्टरांचेच असले पाहिजेत, असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये मोठा अभ्यास केला. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे ज्याला आपण सामान्यतः व्हिनेगर म्हणतो त्यातला घटक, लावायचे; मिनिटभर थांबायचे; पांढरा चट्टा उमटतो का, ते पाहायचे. इतकी ती साधी चाचणी. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या गटात ही चाचणी झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या, पण नीट शिकविलेल्या हातांनी हे घडविले.

आता घशाप्रमाणे येथीलही नमुना स्त्रीने स्वतः घेऊन देण्याची एचपीव्ही चाचणी आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिची शिफारस केली. तेव्हा तपासणीची गरजच संपेल, असे कोणास वाटेल. ही चाचणी संकोच पुष्कळ कमी करील, यात शंका नाही. परंतु ज्या स्त्रीच्या चाचणीत दोष आढळेल, तिला पुढे टेबलावर जावेच लागेल. आधीच भ्यालेल्या त्या स्त्रीला जर पहिलाच हात अडाणी मिळाला, तर ती दुसऱ्यांदा येणार नाही. आमच्या वहिनी आल्या नाहीत.

शासनाला ही गोष्ट ठाऊक नाही, असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्येच परिचारिका व डॉक्टर यांच्यासाठी कौशल्य प्रयोगशाळांची मार्गदर्शिका काढली. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा आवश्यक ठरविल्या. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची चाचणी उपकेंद्रापर्यंत नेण्याचे धोरण आहे. म्हणजे उद्या आपल्या तालुक्यातील माऊलीची तपासणी करणारा हात बहुधा एखाद्या परिचारिकेचा वा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा असेल. नेमणूक झाल्यावर सराव करण्यासाठी त्या मुलीच्या हाताशी काय आहे, हा आपला प्रश्न आहे.

प्रतिकृतीचे गुण सांगितले, तसे तिचे उणेपणही सांगितले पाहिजे. नाही तर मी दुकानदारी केली, असे होईल. सिलिकॉनला भीती वाटत नाही. ते अंग आकसून घेत नाही, ‘थांबा’ म्हणत नाही. त्यामुळे केवळ प्रतिकृतीवर शिकलेला हात कुशल होईल, पण दयाळू होईलच असे नाही. हे ओळखून १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील काही विद्यापीठांनी प्रशिक्षित स्त्रियांचे साहाय्य घेतले. त्या स्वेच्छेने व मानधन घेऊन स्वतः तपासून घेतात आणि ‘येथे दुखले, असे विचारा, असे बोलू नका’ म्हणून विद्यार्थ्याला शिकवितात. नॉर्वेतील लेर्डाल या एके काळच्या खेळणी बनविणाऱ्या घराण्याने प्रसूतीच्या प्रशिक्षणासाठी ‘मामा नॅटली’ नावाची कापडी प्रतिकृती केली. ती शिक्षिका स्वतःच्या कमरेला ॲप्रनप्रमाणे बांधते आणि बाळंतिणीच्या जागी बसून शिकणाऱ्याशी बोलते. द्यू कुद्रेची कापडाची शाळा अडीचशे वर्षांनी पुन्हा भरली आणि या खेपेस प्रतिकृतीला वाचाही लाभली.

सर्वांत मोठी गोष्ट संमतीची. न्यूझीलंडमध्ये १९८८ च्या न्यायिक चौकशी अहवालाने उघड केले, की गुंगी दिलेल्या स्त्रियांवर त्यांना न विचारता विद्यार्थ्यांकडून तपासणीचा सराव करवून घेतला जात असे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००३ साली याविरुद्ध कायदा केला. तेथील केंद्र शासनाने तर २०२४ मध्ये, अशा तपासणीपूर्वी लेखी संमती हवीच, असे रुग्णालयांना बजाविले. पुढारलेल्या देशांना हे कळायला इतकी वर्षे लागली. प्रतिकृतीमुळे एक सबब कायमची संपते. ‘मग विद्यार्थ्यांनी शिकावे तरी कोणावर?’ असे आता कोणी म्हणू शकत नाही. प्रारंभ प्रतिकृतीवर करावा, आणि जिवंत देहापाशी यायचे ते तयार हाताने व परवानगी घेऊन यावे.

बंधु-भगिनींनो, आपल्या धर्माने चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. गेल्या पन्नास वर्षांत या ट्रस्टने पहिली तीन मुक्तहस्ते केली. पाणपोई, भोजनशाळा, औषधांची मदत, शिष्यवृत्ती, पाठशाळा ही त्याची साक्ष आहे. अभयदान म्हटले, की आपल्याला कसायाच्या हातून सोडविलेला जीव आठवतो. ते पुण्यकर्मच आहे. परंतु तपासणीच्या टेबलावर डोळे मिटून पडलेल्या स्त्रीच्या मनातील भीती काढून टाकणे, हेही अभयदान नव्हे काय? मुनिराज पाऊल टाकताना समोरची जमीन निरखून चालतात. आपल्या पायाखाली सूक्ष्म जीवही दुखावू नये, म्हणून ईर्यासमिती पाळतात. बसण्यापूर्वी पिच्छीने वा रजोहरणाने जागा किती हळुवार झाडतात, ते आपण पाहतो. त्या जपून वागण्याला आपण यतना म्हणतो. पायांना यतना शिकवावी लागते, तशी हातांनाही शिकवावी लागते. ती शिकविण्याचे एक साधन म्हणून मी या प्रतिकृतीकडे पाहतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीतून एक भाग या कामासाठी ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. जिल्ह्यात परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांचे शिक्षण जेथे होते, अशा संस्थेस स्त्री-तपासणी प्रशिक्षणाच्या प्रतिकृतींचा एक संच द्यावा. साध्या प्रतिकृती काही हजार रुपयांत मिळतात. संगणकाशी जोडलेल्या कित्येक लाखांच्या घरात जातात. आपल्याला साध्यापासून प्रारंभ करता येईल. ‘हे शासनाचे काम आहे’, असा आक्षेप येईल. पाणपोईही नगरपालिकेचेच काम होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी वाट पाहिली नाही. ‘वस्तू कपाटात पडून राहील’, हा आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. कारण अशी कपाटे मी पाहिली आहेत. म्हणून दान अटींसह द्यावे. शिकविण्याची जबाबदारी एका नेमलेल्या शिक्षिकेवर असावी. कोणी किती वेळा सराव केला, याची नोंदवही असावी. मऊ भाग फाटतात, झिजतात, बदलावे लागतात; त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी काढावी. वाणिज्य शाखेत मी घसारा शिकलो, तो व्यर्थ जाऊ नये! यंत्र देणारे दाते पुष्कळ असतात, घसाऱ्याची तरतूद करणारे थोडे. आणि शेवटची अट अशी, की ‘मी तपासू का?’ हा प्रश्न प्रतिकृतीलाही विचारूनच हात लावण्याची शिस्त असावी. निर्जीव वस्तूला विचारण्याची सवय लागली, तर जिवंत स्त्रीला विचारण्याचे विसरणार नाही.

याबरोबर एक लहान गोष्ट माझ्याकडून स्वीकारावी. आपल्या शिबिरांसाठी, तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयासाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी, जेथे मागणी असेल तेथे, तपासणीच्या खोलीचे पडदे आणि टेबलावर पांघरायच्या चादरी माझ्या दुकानातून जातील. कापड जाड पांढरे लाँगक्लॉथ असेल. धुतल्यावर विरळ होणार नाही, असे. एका चादरीला अडीच मीटर लागते, हे मला ठाऊक आहे.

माझ्या बोलण्यात कोणाची मर्यादा दुखावली गेली असेल, जाणता-अजाणता काही अधिक-उणे झाले असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम. 

जय जिनेंद्र!